घोरपडीची खुशाली

माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव
रविवार, जेवणं झाल्यावर

चि. दिग्विजय यास बलभीममामाचे पोटभर आशीर्वाद.

तू, हर्षाली आणि लेकरं पुण्यात ठणठणीत असाल असं धरून चालतो. ताईच्या गुडघ्याला रोज तेल लावतोस की नुसतंच "कसं हाय" म्हणून विचारतोस, तेवढं कळव; ती माझी बहीण आहे, तिनं मला फोनवर काही सांगितलं तरी मी तुला सांगणार नाही. इकडं आम्ही मजेत. तुझ्या मामीचा खोकला गेला, म्हैस व्याली, तूर फुलावर आहे, धरण काठोकाठ आहे आणि आपल्या कृष्णराजचं लग्न अजून जमलेलं नाही. म्हणजे सगळं जिथल्या तिथं आहे. (कृष्णराजच्या लग्नाबद्दल पुढं लिहिलंय. त्यात तुझ्या गाडीचा संबंध येतो. घाबरू नकोस.)

मामा, फोन करू नका, फोन हर्षालीच्या हातात असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर लेकरंच उघडतात, काही असलं तर ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाका, असं तू बजावलं होतंस म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर माझ्याकडं बघतच राहिले. "कोर्टाचं काय हाय का?" म्हणाले. मी म्हणालो, न्हाय, भाच्याला खुशाली कळवायचीय. त्यांचा विश्वास बसला नाही. माणसानं माणसाला खुशाली लिहावी असा काळ राहिला नाही, आणि मलाही ती तुझ्या बायकोपासून लपवलेल्या गाडीची लिहायची आहे.

तर पहिली आणि मुख्य गोष्ट अशी की तुझी गाडी सुखरूप आहे. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढं जा.

तू म्हणाला होतास, गाडी बंद ट्रकमधून येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. बाबा, तू पुण्यात राहतोस. तिथं बंद ट्रककडं कुणी बघत नसेल. आपल्याकडं उघड्या ट्रककडं कुणी बघत नाही, कारण आत काय आहे ते दिसतं; बंद ट्रक आला की सगळं गाव उठून येतं. त्यातून तो आला बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. गल्लीत शिरेना, विजेच्या तारा आडव्या आल्या, म्हणून ड्रायव्हरनं स्टँडवरच मागचं दार उघडलं, दोन लोखंडी फळ्या लावल्या आणि तुझी ती लाल, चपटी, बिनछपराची गाडी हळूहळू खाली सरकत आली. मेथीच्या जुड्या हातात धरून बाया उभ्या राहिल्या. मग आपले दगडोबाआबा (म्हातारा आता नव्वदीला आला, पण नजर शाबूत आहे) काठी टेकत पुढं आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "वरचा भाग मागच्या ट्रकात हाय का?"

ड्रायव्हर म्हणाला, एवढीच आहे. आबांनी आणखी एकदा वाकून बघितलं. "घोरपड हाय की ही," म्हणाले. झालं. तू त्या गाडीचं जर्मन नाव मला फोनवर तीनदा सांगितलंस, मला एकदाही म्हणता आलं नाही. आबांनी ठेवलेलं नाव मात्र संध्याकाळपर्यंत लोहाऱ्याला पोचलं होतं. घोरपड कुणाची म्हणून विचारलं तर तू पढवल्याप्रमाणं मी सांगितलं, पुण्याच्या एका डॉक्टरची आहे, ठेवायला दिलीय. पण आपल्याकडं डॉक्टर म्हटलं की लोक लगेच विचारतात, कशाचा. मी घाईत म्हणालो, हाडांचा. तेव्हापासून चौघे जण गुडघे दाखवायला येऊन गेले आणि डॉक्टर गाडी न्यायला कधी येतात म्हणून रोज चौकशी होते. पुढच्या वेळी खोटं सांगायचं तर सगळं ठरवून देत जा. अर्धवट देऊ नकोस.

आता गतिरोधकाचं सांगतो. शाळेपुढचा गतिरोधक तुला आठवतोच. तो मीच पंचायतीच्या मागं लागून बसवून घेतला होता, पोरांच्या जिवाला धोका म्हणून. तेव्हा मीच म्हणालो होतो, चांगला उंच करा. त्यांनी माझं ऐकलं. तुझी गाडी त्याच्या अलीकडं येऊन उभी राहिली तर नाक गतिरोधकाच्या पोटाला लागलं. ड्रायव्हरनं हात वर केले, माझं काम उतरवण्यापुरतं म्हणाला, सही घेतली आणि गेला. आम्ही फळ्या टाकल्या, फळ्या वाकल्या. भुसकटाची पोती टाकली, गाडी पोत्यांवर चढली आणि तिथंच बसली, चारी चाकं हवेत. मग मुख्याध्यापकांनी शाळा सोडली (अशानं अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणाले, आणि स्वतः पहिल्या रांगेत येऊन उभे राहिले). शेवटी पाशामियाँनं आपला ट्रॅक्टर आणला. पाशामियाँ तुला माहीतच आहे, माझा लहानपणापासूनचा सोबती, इंजिन असलेलं काहीही दिसलं की ह्याचे हात शिवशिवतात. सगळ्या गावानं मिळून तुझी गाडी ऊस वाहायच्या ट्रॉलीत चढवली, दोरांनी बांधली, आणि ती तशी गावातून आमच्या गोठ्यापर्यंत नेली. पुढं कुणीतरी हलगी वाजवत होतं. मी नको म्हणत होतो. कुणालाही कळू द्यायचं नाही म्हणून तू म्हणाला होतास, ते माझ्या पूर्ण लक्षात होतं.

गोठ्यात म्हशीच्या पलीकडं जागा केली. दोघींच्या मध्ये कडब्याची भिंत घातली, पण म्हैस पहिल्याच दिवशी ती भिंत खाऊन पलीकडं डोकावायला लागली. दुसऱ्या दिवशी पाशामियाँ म्हणाला, इंजन तो देखना. त्यानं पुढचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "बलभीमभाऊ, इंजनच नै! खाली डब्बा हाय!" वाटलं, ट्रकवाल्यानं वाटेत इंजिन काढून घेतलं. लोहाऱ्याला जाऊन तक्रार द्यायची तर गाडी कुणाची म्हणून सांगायचं, हाडांच्या डॉक्टरचं नाव काय सांगायचं, ह्या विचारात मी म्हशीशेजारी खालीच बसलो. तेवढ्यात कृष्णराजनं आत बसून बटण दाबलं आणि गाडी मागून गुरगुरली. म्हशीनं दावं तोडलं. तर इंजिन मागं आहे, हे तू सांगायला हवं होतंस. पुढचा डबा सामानाचा आहे हे कळल्यावर तुझ्या मामीनं त्यात लसणाच्या जुड्या ठेवल्या. झाकण घट्ट बसतं, उंदीर लागत नाही. (काढल्यात. वास जाईल.)

लोक बघायला येतात ते येतातच. आधी वाटायचं, गाडी बघायला येतात. पण गाडीकडं ते थोडाच वेळ बघतात. मग कडब्यावर बसतात आणि आपल्या मनातली गाडी सांगायला लागतात. हे मला माहीतच नव्हतं, दिग्विजय. इतकी वर्षं एका गावात राहिलो, कुणाला किती एकर आणि कुणाचं कुणाशी वाकडं एवढं ठाऊक, पण कुणाच्या मनात कुठली गाडी उभी आहे हे कधी कुणी बोललं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींना विजेवरची गाडी पाहिजे, तिचा आवाज होत नाही, म्हणजे उशिरा आलेलं मुख्याध्यापकांना कळणार नाही. पाशामियाँला पांढरी ॲम्बॅसेडर पाहिजे, मागच्या काचांना पडदे असलेली; लहानपणी त्यानं हैदराबादला एका लग्नात बघितली होती. "मामूली चीज नै भाऊ, आठ लोग बैठते, और नववे को कोई ना नै बोलता," म्हणतो आणि तुझ्या दोन माणसांच्या गाडीकडं दयेनं बघतो. दगडोबाआबांना विचारलं तर ते म्हणाले, मला अशी गाडी पाहिजे की जिच्यात बसायला मला कुणी उचलायला लागू नये. माझं म्हणशील तर, धरणाचं काम चालू होतं तेव्हा मी इंजिनिअरसाहेबांची जीप चालवायचो, बाहेर कोपर काढून. तशी एक जीप असावी आणि तिच्या दारावर कोपर टेकावं, एवढंच. तुझ्या गाडीत कोपर बाहेर काढलं तर रस्त्याला घासेल.

हे मला कसं कळलं, असा तुझ्या मनात प्रश्न आला असेल. तू म्हणालास, चार दिवसांनी एकदा चालू करा, जागेवरच, चालवू नका. पण बाबा, बैल जागेवर उभा करून कामाला लागतो का? गोठा गावाच्या धरणाकडच्या टोकाला आहे, तिकडं गतिरोधक नाही. मी पाशामियाँला म्हणालो, फक्त वळणापर्यंत. आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. आधी पाय, मग कंबर, आणि मग देवाचं नाव. बसल्यावर डावा पाय क्लच शोधत राहिला. क्लच नाहीच म्हणे. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाच्या डाव्या पायाला अचानक सुट्टी मिळाली तर त्यानं काय करायचं? माझा रिकामी जागाच दाबत होता. समोरून बैलगाडी आली तर मला बैलांची पोटं दिसली, वरून गाडीवान "कुठं हाय रं?" म्हणून ओरडत होता. पुढं धनगराच्या मेंढ्या आडव्या आल्या. मी हॉर्न वाजवला, मेंढ्या बाजूला झाल्या, पण त्यांच्यातली एक शेळी न घाबरता येऊन तुझ्या गाडीच्या पुढच्या झाकणावर चढली आणि तिथून चारी बाजूला बघायला लागली. मी धनगराला म्हणालो, अहो, तिला उतरवा. तो म्हणाला, "आं? मला वाटलं बसायसाठीच केलंय." झाकणावर थोडे खूर उमटलेत. लांबून दिसत नाहीत. जवळून दिसले तर ते कंपनीचंच नक्षीकाम वाटतं.

पण मेंढ्या गेल्यावर धरणाचा सरळ रस्ता लागला. डाव्या हाताला पाणी, रस्ता मोकळा. पाशामियाँ म्हणाला, भाऊ, दबाव. मी दाबलं. दिग्विजय, मला लिहिता येत नाही नीट, पण पाणी एका बाजूला पळायला लागलं, बाभळी दुसऱ्या बाजूला, पाशामियाँ "या अल्ला" म्हणाला आणि मी काय ओरडलो ते मलाच कळलं नाही. तेवढा वेळ मला गुडघे नव्हते, वय नव्हतं, तुरीचा भाव नव्हता. तू दहावीच्या सुट्टीत आमच्या कपाटावर ह्याच गाडीचा पेपरातला फोटो खळीनं चिकटवला होतास आणि मामीनं तुला दोन दिवस बोलून घेतलं होतं, ते मला आठवलं. त्या अर्ध्या मैलात मला कळलं, तू ही का घेतलीस. हर्षालीला का सांगितलं नाहीस, ते मात्र नाही कळलं. परत येताना मी पाशामियाँला हेच विचारलं. तो म्हणाला, बोला होता तो क्या होता?

आता कृष्णराजचं. तुला ठाऊक आहे, पोरगं देखणं आहे, निर्व्यसनी आहे, उसाला पाणी आहे, पण शेती करतो म्हटलं की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठतात. तीन वर्षं हेच चाललंय. घोरपड आली आणि महिनाभरात चार निरोप आले. त्यातले तिघे नुसतेच गाडी बघून गेले असावेत. चौथे मुरुमचे रामकिसनराव, आडत दुकानवाले, स्वतः आले; बरोबर बायको, मुलगी शिवांजली (उमरग्याला औषधाच्या दुकानात नोकरी करते, शिकलेली आहे, डोळे वर करून बोलते) आणि तिचा धाकटा भाऊ अमरसिंह. पोहे झाले. रामकिसनरावांनी मुलाला एकही प्रश्न विचारला नाही. जमीन किती विचारलं नाही. म्हणाले, "जरा गोठा बघू का?" गाडीभोवती दोनदा फिरले, हात मागं बांधून, आणि म्हणाले, "आपली राहणी साधी, पण वस्तू एकेक पारखून घेतलेली दिसती." मी खोटं बोललो नाही, दिग्विजय. मी बोललोच नाही. डॉक्टर आठवला होता, पण तो काही तोंडातून बाहेर येईना. माझ्या जागी असतास तर तूही म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला असतास.

मग रिवाजाप्रमाणं मुलामुलीला बोलायला सोडलं. ती दोघं गाडीजवळच उभी राहिली. मी कडब्याच्या गंजीमागं होतो. (ऐकत नव्हतो. तिथं काम होतं.)

शिवांजली म्हणाली, "ही गाडी तुमची का?"

कृष्णराज म्हणाला, "न्हाय."

"मग ते हाडांचे डॉक्टर?"

"डॉक्टर कुणी न्हाय. दिग्विजयदादाची हाय, आत्याचा मुलगा. वहिनीपासून लपवून ठेवलीय."

मी गंजीमागं डोळे मिटले. तीन वर्षांत कुणी पोहे संपवेपर्यंत बसलं नव्हतं, आणि ह्यानं एका दमात सगळं सांडलं. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही बायकोपासून काय लपवाल?"

कृष्णराजनं खरंच विचार केला. त्याला वेळ लागतो. म्हणाला, "माझ्याकडं लपवण्याजोगं हाय काय? दोन एकर ऊस. तो धरणाच्या भिंतीवरनं पण दिसतो."

ती हसली. मोठ्यानं हसली, म्हैससुद्धा वळून बघायला लागली. पण जाताना वडिलांच्या कानात तिनं काहीतरी सांगितलं, आणि रामकिसनरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. "कळवतो" म्हणून गेले. म्हणून वर लिहिलं, लग्न जमलेलं नाही. त्या गडबडीत तिचा भाऊ अमरसिंह गाडीत बसून मोबाईलवर काहीतरी काढत होता, बटणं दाबत होता. मी त्याला बजावून सांगितलंय की घरच्यांना दाखव, बाहेर नको. चांगला आज्ञाधारक पोरगा वाटला. (त्याच्या हातून मागं घडी घातलेल्या छपराचं बटण दाबलं गेलं. छप्पर निम्म्यावर येऊन थांबलंय. पुढंही जात नाही, मागंही नाही. पाऊस नाही, तेव्हा काळजी नको. कोंबडीला तेवढा आडोसा झालाय.)

एकूण सांगायचं ते असं की दिलेला शब्द मी पाळला आहे. गाडी सुखरूप आहे आणि हर्षालीच्या कानावर यातलं अक्षरही जाणार नाही. तू निर्धास्त रहा, वेळेवर जेव, ताईला नमस्कार सांग, लेकरांचे माझ्या वतीनं गाल ओढ.

तुझा,
बलभीममामा

ता. क. : सोमवार. वरचं पत्र काल रात्री पाकिटात घातलं होतं, ते आज उघडून पुढं लिहितोय. हर्षाली आली आहे. मुरुमच्या बसनं आली, हातात पिशवी, पाया पडली, चहा घेतला, मामीच्या खोकल्याचं विचारलं, तुरीचं विचारलं. मी म्हणालो, अचानक कशी गं? म्हणाली, माहेरी मुरुमला आले होते, म्हटलं तुम्हाला भेटावं. मग म्हणाली, "मामा, गोठ्यात काय आहे?"

"म्हैस हाय."

"आणि?"

"रेडकू. परवाच व्याली."

"आणि?"

"कोंबडी," मी म्हणालो. दिग्विजय, मी शक्य तेवढं लढलो.

तिनं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. त्यात अमरसिंह तुझ्या गाडीत बसून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून हात हलवत होता, आणि खाली लिहिलेलं होतं, "होणाऱ्या दाजींची गाडी". मागं मी म्हशीवरून हात फिरवत उभा होतो. हे मुरुममध्ये सगळ्यांनी बघितलं, तिच्या आईनंही, आणि आईनं कौतुकानं तिला पाठवलं की बघ, तुझ्या मामेसासऱ्यांनी गाडी घेतली. मी म्हणालो, अगं, ती एका हाडांच्या डॉक्टरची... ती म्हणाली, "मामा, आमच्या बेडरूममध्ये कपाटावर ह्याच गाडीचा मोठा फोटो आहे. नऊ वर्षं त्याच्यावरची धूळ मी पुसते. मला तिचे दिवेसुद्धा पाठ आहेत." मग तिनं विचारलं, "कुणासाठी घेतली यांनी?"

आता इथं नीट लक्ष दे. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते गाडीसाठी नव्हते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, "तुझ्यासाठीच घेतलीय की. वाढदिवसाला अचानक द्यायची म्हणून इथं आणून ठेवलीय. मला कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय त्यानं." तिचा वाढदिवस कधी असतो हे मला माहीत नव्हतं. तो होऊन दोन महिने झाले म्हणे. मी म्हणालो, पुढच्या. ती म्हणाली, दहा महिने आधी? मी म्हणालो, रंग लवकर संपतात. गेल्या वाढदिवसाला तू तिला मिक्सर दिलास, तेही कळलं. मिक्सरबद्दल मी तुझी बाजू घेतली नाही.

ता. क. दुसरा : त्याच दिवशी रात्री. तिनं किल्ली मागितली, मी दिली. मला वाटलं नुसती बसेल. माहेरी असताना ती उसाचा ट्रॅक्टर चालवायची, हे तुला माहीत आहे का? मला नव्हतं. तिनं आत बसून दोन मिनिटं सगळी बटणं बघितली, छप्पर मागं घेतलं, आरसा आपल्या उंचीचा केला, तुझ्या मामीला शेजारी बसवलं आणि निघाली. मी आणि पाशामियाँ फळ्या घेऊन शाळेकडं धावलो. ती गतिरोधकापाशी आली, हळू झाली, गाडी तिरकी घेतली, एकेक चाक अलगद चढवलं आणि उतरवलं, आणि आमच्याकडं न बघता गेली. पाशामियाँच्या हातातली फळी खाली पडली. दोघी तुळजापूरला जाऊन आल्या. मामी केस विस्कटलेली, लाल झालेली, विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला न्हाय कळायचं." चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला असं कधी बघितलेलं नाही. दर्शन झालं का विचारायला मी विसरलो.

जेवताना हर्षाली म्हणाली, "मामा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही." मी ताटात बघत राहिलो. म्हणाली, "पण हे खोटं मला आवडलं. असू द्या तसंच."

आणि हो, सकाळी येताना ती मुरुममध्ये रामकिसनरावांकडंही जाऊन आली होती. तिच्या माहेरच्यांचा आणि त्यांचा घरोबा आहे. गाडीचं खरंखोटं कळल्यावर रामकिसनराव नाही म्हणायच्या बेतात होते, पण शिवांजली हटून बसली होती. हर्षालीनं त्यांना सांगितलं म्हणे, "त्या घरात खोटं बोलायचा प्रयत्न होतो, पण कुणालाच जमत नाही. डोळे झाकून मुलगी द्या." त्यांना ते पटलं. गुरुवारी सुपारी फोडायची आहे. तुला यावंच लागेल. एसटीनं ये. गाडीतल्या दोन्ही जागा भरल्या आहेत.

ता. क. तिसरा, आणि ह्यासाठीच खरं पत्र पाठवतोय, तेही आता स्पीड पोस्टानं, म्हणजे तू इकडं निघण्याआधी तुझ्या हातात पडेल. गाडी तिच्या नावावर करायचे कागद ती उद्या उमरग्याहून आणणार आहे. तुझ्यापुढं ठेवेल तेव्हा सही कर, का म्हणून विचारू नकोस, आणि चेहरा असा ठेव की तू ह्याच दिवसाची वाट बघत होतास. आरशापुढं जरा करून बघ, तुला सवय नाही. कधी ठरवलं, लाल रंगच का घेतला, असं विचारलं तर तिचंच नाव घे. आणि सांगता सांगता तुला ते खरंच वाटायला लागलं तर उत्तमच. त्यात तुझं काही जात नाही, गाडी सोडली तर.